मायक्रोआरएनए, शुक्राणूनिर्मिती आणि पुरुष वंध्यत्व: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, ज्यांच्या हातात ‘शुक्राणू निल’ किंवा ‘काउंट कमी’ असा रिपोर्ट आहे. दुसरे, मायक्रोआरएनएच्या शोधाला मिळालेल्या २०२४ च्या नोबेलनंतर ज्यांना हा विषय मुळातून समजून घ्यायचा आहे. रिपोर्ट हातात असेल तर थेट सहाव्या प्रश्नाकडे गेलात तरी चालेल.

१. मायक्रोआरएनए म्हणजे काय?

डीएनएवरच्या जनुकाची नक्कल म्हणजे मेसेंजर आरएनए. तिच्यावरून प्रथिन बनतं. मायक्रोआरएनए हा साधारण २२ अक्षरांचा अगदी छोटा आरएनए असतो आणि त्याच्यावरून कुठलंही प्रथिन बनत नाही. तो मेसेंजर आरएनएच्या शेवटाकडच्या भागाला चिकटतो. मग त्या नकलेवरून प्रथिन कमी बनतं, किंवा ती नक्कलच लवकर मोडीत निघते.

तो दोन वेळा कापला जाऊन तयार होतो. आधी केंद्रकात ड्रोशा नावाचं एन्झाइम लांब धाग्यातून स्वतःवरच दुमडलेला सुमारे ७० अक्षरांचा तुकडा कापून काढतं. तो तुकडा केंद्रकाबाहेर आला की डायसर हे दुसरं एन्झाइम त्याचा वळलेला भाग छाटतं. उरलेल्या दोन धाग्यांपैकी एक आर्गोनॉट या प्रथिनात जाऊन बसतो आणि कामाला लागतो. लक्ष्य ओळखायला मुख्यतः त्याची दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची अक्षरंच लागतात. जुळणी इतकी छोटी असल्यामुळे एक मायक्रोआरएनए शेकडो जनुकांवर परिणाम करू शकतो आणि एका जनुकावर अनेक मायक्रोआरएनए काम करत असतात. परिणाम मात्र पंख्याच्या रेग्युलेटरसारखा असतो: वेग कमी-जास्त होतो, पंखा बंद पडतोच असं नाही. या विषयातले निम्मे गैरसमज ही गोष्ट विसरल्यामुळे होतात.

पहिला मायक्रोआरएनए, लिन-४, व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांच्या कामातून १९९३ मध्ये एका सूक्ष्म कृमीत सापडला. तो त्या कृमीपुरताच असावा, असं तेव्हा बहुतेकांना वाटलं. २००० मध्ये लेट-७ हा मायक्रोआरएनए माणसासकट असंख्य प्राण्यांत जसाच्या तसा आढळला आणि चित्र पालटलं. २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं.

२. शुक्राणू तयार होताना त्याची एवढी गरज का पडते?

वृषण म्हणजे बारीक नळ्यांची गुंडाळी. एका नळीचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला की कडेपासून मध्याकडे पेशींच्या पिढ्या ओळीने लागलेल्या दिसतात. भिंतीला टेकून मूळ पेशी, त्यांच्या आतल्या बाजूला गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या मोठ्या केंद्रकाच्या पेशी, आणखी आत लहान गोल पेशी, आणि पोकळीच्या तोंडाशी लांबट झालेले शुक्राणू: डोकं भिंतीकडे, शेपट्या पोकळीत. भिंतीपासून पोकळीपर्यंत उभ्या असलेल्या सर्टोली पेशी या सगळ्या पिढ्यांना धरून ठेवतात आणि पोसतात. मूळ पेशीपासून शुक्राणूपर्यंतच्या प्रवासाला माणसात सुमारे ७४ दिवस लागतात. त्यानंतर अधिवृषणाच्या नळीतून जाताना तो पोहायला शिकतो, त्याचे काही दिवस वेगळे. म्हणून आज सुरू केलेल्या उपचाराचा परिणाम तीन महिन्यांनीच तपासायचा असतो.

मायक्रोआरएनएचं सगळ्यात नाजूक काम गोल पेशीचा शुक्राणू होताना दिसतं. डोकं लहान करण्यासाठी डीएनए घट्ट आवळावा लागतो. त्यासाठी हिस्टोन ही नेहमीची प्रथिनं काढून त्यांच्या जागी प्रोटामिन येतात. माणसात साधारण ८५ टक्के हिस्टोन अशी बदलली जातात. आता अडचण अशी की डीएनए आवळला गेला की त्याच्यावरून नवी नक्कल निघत नाही. त्यामुळे पुढे लागणाऱ्या प्रथिनांच्या नकला आधीच काढून, दाबून ठेवाव्या लागतात. उंदरात प्रोटामिनची नक्कल जवळजवळ आठवडाभर अशी पडून असते. तिच्यावरून प्रथिन वेळेआधी बनू दिलं तर डोकं अवेळी आवळलं जातं, वाढ तिथेच खुंटते आणि नर वांझ राहतो, हे उंदरांवरच्या प्रयोगात दिसलेलं आहे. नक्कल काढायची केव्हा आणि वापरायची केव्हा, यातलं अंतर सांभाळण्याचं काम आरएनएला बांधणारी प्रथिनं आणि मायक्रोआरएनए मिळून करतात. शरीरातल्या फार थोड्या पेशींवर अशी वेळ येते.

डायसर काढून टाकलं तर काय होतं, हेही पाहिलं गेलं आहे. उंदराच्या फक्त सर्टोली पेशींतून ते काढलं तरी नळ्या ऱ्हास पावतात आणि नर पूर्ण वांझ होतो. म्हणजे शुक्राणूच्या पेशी ठीक असूनही त्यांना पोसणाऱ्या पेशीतला बिघाड पुरेसा ठरतो.

३. कोणता मायक्रोआरएनए काय करतो?

सगळ्यांची यादी देण्यात अर्थ नाही. नीट अभ्यासलेले थोडे सांगतो. नावातलं ‘मिर’ म्हणजे मायक्रोआरएनएचंच छोटं रूप.

मूळ पेशी मूळ पेशीच राहाव्यात यासाठी मिर-२१, मिर-२२१ आणि मिर-२२२ मदत करतात. शेवटचे दोन किट या जनुकाला दाबून ठेवतात, कारण किट वाढलं की पेशी पुढच्या टप्प्याला लागते. ती पुढे सरकते तेव्हा लेट-७ कुटुंबाचं प्रमाण वाढतं. मिर-१८ उष्णतेला तोंड देणाऱ्या प्रथिनांशी संबंधित एका जनुकावर लक्ष ठेवतो.

या क्षेत्रातलं सगळ्यात भक्कम उदाहरण आहे मिर-३४बी, मिर-३४सी आणि मिर-४४९ यांचं. दोन्ही गटांची ओळखीची अक्षरं एकच असल्यामुळे ते एकमेकांचं काम सांभाळून घेतात. उंदरातून एकच गट काढला तर प्रजननाला धक्का लागत नाही. दोन्ही काढले की शुक्राणू कमी, त्यांचा आकार बिघडलेला, हालचाल मंद आणि नर वांझ. असेच मायक्रोआरएनए नसलेल्या प्राण्यांत श्वासनलिकेतल्या हलणाऱ्या केसांचाही बिघाड दिसतो, कारण शुक्राणूची शेपटी आणि तो केस यांची बांधणी एकाच घराण्यातली आहे.

४. माणसात काय दिसलं आहे?

माणसात जनुक काढून पाहता येत नाही, त्यामुळे बहुतेक पुरावा तुलनेचा आहे: वंध्यत्व असलेल्या पुरुषांच्या वीर्यात कोणता मायक्रोआरएनए कमी, कोणता जास्त. मिर-३४सी आणि मिर-१२२ यांसारखे वृषणात भरपूर असणारे मायक्रोआरएनए शुक्राणू नसलेल्या पुरुषांच्या वीर्यद्रवात कमी सापडतात. यात नवल नाही, कारण ज्या पेशींतून ते यायचे त्या पेशीच तिथे नाहीत. अशा निकालात कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे वेगळं काढणं अवघड असतं. ‘अमुक मायक्रोआरएनए कमी असल्यामुळे वंध्यत्व आलं’ असं वाक्य दिसलं की हा प्रश्न जरूर विचारा.

५. मग मायक्रोआरएनएची टेस्ट करून घ्यावी का?

वंध्यत्वाच्या निदानासाठी, आज तरी नाही. उपचार ठरवताना वापरावी अशी मान्यता मिळालेली मायक्रोआरएनए टेस्ट नाही. कुणी पॅनेल सुचवलं तर एकच विचारा: या निकालामुळे माझ्या उपचारात काय बदलेल? ठोस उत्तर मिळालं नाही तर ते पैसे पुढच्या प्रश्नात दिलेल्या तपासण्यांवर खर्च करा.

संशोधनात मात्र दोन दिशा खरोखर आशादायक आहेत. पहिली, निलचं कारण अडथळा आहे की निर्मितीच होत नाही, हे वीर्यावरून ओळखणं. नळी बंद असेल तर वृषण आणि अधिवृषणातले मायक्रोआरएनए वीर्यात पोचतच नाहीत, म्हणून त्यांचं प्रमाण घसरतं. नसबंदीनंतरही हेच होतं. बार्सिलोनातल्या एका गटाने २०१८ मध्ये वीर्यातल्या सूक्ष्म पिशव्यांमधला मिर-३१-५पी यासाठी चांगला काम करतो, असं दाखवलं. दुसरी दिशा, शस्त्रक्रियेत शुक्राणू मिळतील का याचा आधीच अंदाज. हे जमलं तर कित्येक पुरुषांचं निष्फळ ऑपरेशन वाचेल. त्याआधी वेगवेगळ्या लॅबमध्ये, मोठ्या संख्येवर तोच निकाल परत यायला हवा.

६. रिपोर्ट ‘निल’ आला आहे. आता काय?

घाबरून लगेच इक्सीची (एक शुक्राणू सुईने अंड्यात टोचण्याच्या उपचाराची) तारीख घेऊ नका. ‘निल’ म्हणण्याआधी नमुना ३००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ३००० पट) वेगाने १५ मिनिटं फिरवून तळाचा साका तपासायचा असतो, आणि हे दोन वेगवेगळ्या नमुन्यांवर व्हायला हवं. साक्यात चार-दोन शुक्राणू सापडले तरी सगळा मार्ग बदलतो. रिपोर्टवर साका पाहिल्याचा उल्लेख नसेल तर लॅबला विचारा.

मग वीर्याचं प्रमाण पाहा. ते खूप कमी, आम्लधर्मी आणि फ्रुक्टोज नसलेलं असेल तर पुढच्या नळ्यांत अडथळा असू शकतो किंवा जन्मतःच वीर्यवाहिनी नसू शकते. वीर्यवाहिनी आहे की नाही हे अनुभवी डॉक्टरांना हाताने तपासूनच कळतं. ती दोन्ही बाजूंना नसेल तर पतीची आणि पत्नीचीही सीएफटीआर जनुकाची तपासणी आवश्यक आहे, कारण दोघांत दोष असेल तर बाळाला सिस्टिक फायब्रोसिस होऊ शकतो.

वीर्याचं प्रमाण नॉर्मल असेल तर रक्तातलं एफएसएच (शुक्राणूनिर्मितीला चालना देणारं हार्मोन) आणि वृषणाचा आकार बघतात. एफएसएच ७.६ पेक्षा जास्त आणि वृषणाची लांबी ४.६ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर निर्मितीतच दोष असण्याची दाट शक्यता. सोबत एलएच (वृषणाला टेस्टोस्टेरॉन बनवायला लावणारं हार्मोन), सकाळचं टेस्टोस्टेरॉन आणि प्रोलॅक्टिन ही हार्मोन्स. नंतर दोन जनुकीय तपासण्या, ज्या टाळू नयेत. पहिली कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, कारण ४७ एक्सएक्सवाय (एक एक्स गुणसूत्र जास्त) ही स्थिती अशा पुरुषांत अनेकदा सापडते. दुसरी वाय गुणसूत्रावरचे गळालेले तुकडे शोधणारी. एझेडएफए किंवा एझेडएफबी हा तुकडा पूर्ण गळालेला असेल तर ऑपरेशनमध्ये शुक्राणू मिळण्याची आशा जवळजवळ नसते, म्हणजे एका तपासणीने एक शस्त्रक्रिया वाचते. एझेडएफसी गळालेला असेल तर बऱ्याच जणांना शुक्राणू मिळतात, पण हा दोष मुलग्याकडे जातो, ते आधी समजून घ्यायला हवं.

ऑपरेशन म्हणजे मायक्रो टेसे. त्यात वृषण उघडून १५ ते २५ पट मोठं करून नळ्या पाहतात. रिकाम्या नळ्या बारीक आणि पारदर्शक दिसतात. ज्यात निर्मिती चालू आहे त्या जाडसर, दुधाळ दिसतात आणि नेमक्या त्याच काढून घेतात. निर्मितीचा दोष असलेल्या पुरुषांत साधारण ४० ते ५० टक्के वेळा शुक्राणू मिळतात. मूळ कारणानुसार हा आकडा बराच बदलतो, म्हणून तुमच्या कारणासाठीचा आकडा विचारा.

आणखी एक, घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीला असतं. सुनेच्या महागड्या तपासण्या आणि दुर्बीण आधी, मुलाचा साधा रिपोर्ट वर्षभराने, हा क्रम अन्यायाचा आहे आणि स्त्रीचं वाढतं वय पाहता महागात पडणाराही.

७. काउंट किती असला म्हणजे ठीक?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीत खालच्या मर्यादा अशा आहेत: वीर्य १.४ मिलि, दर मिलिलिटरला १.६ कोटी शुक्राणू, एकूण ३.९ कोटी, हालचाल करणारे ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, नॉर्मल आकाराचे ४ टक्के. वर्षभरात गर्भधारणा झालेल्या जोडप्यांतल्या पुरुषांपैकी तळाच्या ५ टक्क्यांवर ही रेघ मारलेली आहे. रेघेखाली असूनही बाप झालेले आहेत, वर असूनही न झालेले आहेत. ‘नॉर्मल आकार ४ टक्के’ वाचून अनेक जण खचतात. तो आकडा खरोखरच इतका कमी असतो.

८. नमुना घरून नेला तर चालतो का?

चालतो, पण लॅबमध्येच दिलेला बरा. आधी २ ते ७ दिवस संबंध किंवा वीर्यपतन नको. नमुना रुंद तोंडाच्या निर्जंतुक डबीत द्या. साधा काँडोम, तेल, साबण, थुंकी यांतलं काहीही वापरू नका, शुक्राणू मरतात. पहिले थेंब सांडले तर न लाजता सांगा, कारण बहुतेक शुक्राणू त्यातच असतात. तासाभराच्या आत तपासणी सुरू व्हायला हवी, अर्ध्या तासात झाली तर उत्तम, आणि तापमान २० ते ३७ अंशांच्या मध्ये राहायला हवं. पुण्यात हिंजवडी किंवा वाघोलीसारख्या टोकाच्या भागातून सकाळच्या गर्दीत मध्यवस्तीतल्या डेक्कनला तासाभरात पोचण्याच्या भरवशावर राहू नका. डिसेंबरच्या थंडीत डबी गाडीच्या डिकीत ठेवू नका, शर्टाच्या आत अंगाशी धरा.

डेंग्यू, चिकुनगुन्या किंवा कुठलाही चढलेला ताप येऊन गेला असेल तर तीन महिने थांबून तपासा. पावसाळ्यानंतरचे कितीतरी वाईट रिपोर्ट तापाचे असतात.

९. मायक्रोआरएनए मोजणं एवढं अवघड का असतं?

हा प्रश्न विद्यार्थ्यांचा, पण उत्तर रुग्णांनीही वाचावं. शुक्राणूत आरएनए अत्यल्प असतो, काही दहा फेम्टोग्रॅम. एका पांढऱ्या पेशीत त्याच्या शंभरपट किंवा जास्त. म्हणजे एक कोटी शुक्राणूंत फक्त एक लाख पांढऱ्या पेशी राहिल्या, तरी तुमच्या नळीतला निम्मा आरएनए शुक्राणूंचा नसतो! मिर-१५५ किंवा मिर-२२३ ‘वाढलेला’ दिसला की आधी हीच शंका घ्यायची.

म्हणून नमुना ३७ अंशांवर पातळ झाला की तो घनता वेगळी असलेल्या द्रावणाच्या ४० आणि ८० टक्क्यांच्या दोन थरांवरून फिरवतात, तळाचे शुक्राणू धुतात, मग सौम्य डिटर्जंटच्या द्रावणात बर्फावर ठेवून इतर पेशी फोडतात. शुक्राणूचं डोकं त्याला दाद देत नाही. यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचंच, आणि सीडी४५ ची पीसीआर करून पांढऱ्या पेशी उरल्या नाहीत याची खात्री करायची. नेहमीच्या द्रावणाने शुक्राणूचं डोकं नीट फुटत नाही, कारण प्रोटामिन गंधकाच्या बंधांनी जखडलेली असतात. म्हणून हे बंध तोडणारं डीटीटी किंवा टीसेप हे रसायन घालावं लागतं. हे विसरलं की आरएनए जवळजवळ येतच नाही आणि दोष किटला दिला जातो. शुक्राणूत अखंड रायबोसोमल आरएनए नसतो, त्यामुळे गुणवत्तेचा आरआयएन आकडा कमीच येतो. त्यावरून नमुना फेकून देऊ नका.

वीर्यद्रवावर काम असेल तर पहिल्या फिरवणीनंतर तो वेगळ्या नळीत घेऊन १०,००० जी किंवा जास्त वेगाने पुन्हा फिरवावा, मगच उणे ८० अंशांवर ठेवावा. पेशी आत राहून गोठल्या तर वितळताना फुटतात आणि त्यांचा आरएनए द्रवात मिसळतो. मोजताना तुलनेसाठी यू६ हा पेशीतला दुसरा छोटा आरएनए वापरायची सवय आहे, पण द्रवात तो स्थिर नसतो. ठरावीक प्रमाणात कृमीचा मिर-३९ बाहेरून घालणं बरं. पीसीआरमध्ये एका चक्राचा फरक म्हणजे दुप्पट, हे लक्षात घेतलं की तुलनेचा आधार थोडा हलला तरी निकाल किती फिरतो हे समजतं. निरनिराळ्या शोधनिबंधांचे निकाल जुळत नाहीत, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

१०. भट्टीजवळचं काम, मांडीवर लॅपटॉप, याने फरक पडतो का?

वृषण शरीरापेक्षा २ ते ४ अंश थंड राहावं लागतं. भोसरी-चाकणच्या फाउंड्रीत किंवा भट्टीवर रोज आठ तास उभं राहणाऱ्यांच्या बाबतीत हा मुद्दा खरोखर महत्त्वाचा आहे. जागा बदलून मिळत असेल तर तीन महिने बदलून पुन्हा तपासणी करा. लॅपटॉप टेबलावर ठेवा, विषय संपला. व्हेरिकोसील (वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा) असेल तर ते उभं राहून, हाताने तपासून घ्या. वंध्यत्व असलेल्या पुरुषांत साधारण ३५ ते ४० टक्क्यांत ते सापडतं.

११. जिममध्ये इंजेक्शन घेतली होती. त्याचा संबंध आहे का?

आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदू एलएच आणि एफएसएच थांबवतो, वृषणाच्या आतलं टेस्टोस्टेरॉन घसरतं आणि काउंट निलपर्यंत जाऊ शकतो. बंद केल्यावर बहुतेकांचा काउंट परत येतो, पण त्याला महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. डॉक्टरांपासून हे लपवू नका. आणि ‘पुरुषशक्ती वाढेल’ म्हणून मूल हवं असताना टेस्टोस्टेरॉन कधीही घेऊ नका.

१२. मायक्रोआरएनए वाढवणारं औषध, आहार किंवा पावडर आहे का?

नाही. मायक्रोआरएनएवर बेतलेलं एकही औषध आज बाजारात मान्यताप्राप्त नाही. मिर-३४ए ची नक्कल असलेल्या एका औषधाची कर्करोगावरची चाचणी रोगप्रतिकारशक्तीच्या गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये थांबवावी लागली. त्यात वृषणात रक्त आणि नळ्या यांच्यामध्ये सर्टोली पेशींची घट्ट तटबंदी असते, औषध आत पोचवणं आणखी कठीण.

झिंक आणि फॉलिक अ‍ॅसिडवर अमेरिकेत २,३७० जोडप्यांची चाचणी झाली. २०२० मध्ये निकाल आला: बाळ होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. तंबाखू, गुटखा, सिगारेट सोडणं हा मात्र उपाय आहे. धूम्रपान करणाऱ्यांच्या शुक्राणूंतल्या मायक्रोआरएनएचं प्रमाण बदललेलं आढळलं आहे.

१३. वडिलांचे मायक्रोआरएनए बाळात जातात का?

शुक्राणूबरोबर थोडे अंड्यात जातात, हे खरं. सतत ताणाखाली ठेवलेल्या नर उंदरांच्या शुक्राणूंत वाढलेले नऊ मायक्रोआरएनए साध्या फलित अंड्यांत टोचले, तर त्यातून जन्मलेल्या पिल्लांची ताणाला मिळणारी प्रतिक्रियाही तशीच बदललेली निघाली, असं २०१५ मध्ये दिसलं. माणसात असं काही सिद्ध झालेलं नाही. मिर-३४सी नसेल तर अंड्याचं पहिलं विभाजनच होत नाही, असंही आधी मांडलं गेलं होतं, पण मिर-३४ आणि मिर-४४९ दोन्ही नसलेल्या उंदरांचे शुक्राणू अंड्यात टोचल्यावर पिल्लं जन्माला आली. इक्सीने झालेल्या बाळाबद्दल या कारणाने धास्ती घेऊ नका.

१४. मायक्रोआरएनए दवाखान्याच्या सगळ्यात जवळ कुठे आला आहे?

वृषणाच्या कर्करोगात. रक्तातला मिर-३७१ए-३पी बहुतेक जननपेशींच्या गाठी दाखवतो. टेराटोमा ही गाठ मात्र त्यातून निसटते. काउंट कमी असलेल्या आणि लहानपणी वृषण वरच राहिलेल्या पुरुषांत या कर्करोगाचा धोका जास्त असतो. म्हणून महिन्यातून एकदा गरम पाण्याच्या अंघोळीनंतर दोन्ही वृषणं बोटांनी चाचपा. न दुखणारी टणक गाठ लागली तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या.

१५. संशोधनासाठी नमुना मागितला तर द्यावा का?

जरूर द्या, या विषयाला भारतीय पुरुषांच्या नमुन्यांची गरज आहे. पुण्यात पाषाणची आयसर आणि विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र या मूलभूत संशोधनाच्या संस्था आहेत, रुग्णालयं नाहीत. प्रजनन आरोग्यासाठीची आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था मुंबईत परळला आहे. सहीआधी तीन गोष्टी पाहा: नैतिकता समितीची मंजुरी, मराठीतलं संमतिपत्र आणि त्यात केव्हाही माघार घेण्याचा हक्क. संशोधनासाठीच्या टेस्टचे पैसे तुमच्याकडून घेतले जाता कामा नयेत. तुमच्या निदानासाठी लागणारा भाग आधी वापरला जाईल आणि उरलेलाच संशोधनाला जाईल, हेही लेखी घ्या.